रॉक, पंक, मेटल आणि माझे लाडके अल्बम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या काळ्या टी-शर्टांमुळे म्हणा किंवा घरातून येणाऱ्या आवाजामुळे म्हणा, हे प्रश्न मला नागपुरात बर्डीपासून बुटीबोरीपर्यंत कुठेही गाठतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उत्तरं एकदाची लिहून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी माझे तर्री-पोहे गार होणार नाहीत. यादी माझी आहे. तुमची वेगळी असेल तर भांडायला या.

प्र. एकच अल्बम सांग. भाषण नको.

ब्लॅक सॅबथचा ‘पॅरॅनॉईड’, १९७०.

प्र. बरं, थोडं भाषण चालेल. तोच का?

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. हातात गिटार पुन्हा धरायची नाही असं त्याने ठरवूनही टाकलं असतं, पण कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजलेल्या हाताच्या दोन बोटांवर सगळा खेळ करणारा हा जॅझमधला गिटारिस्ट. मग आयोमीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या आणि त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बारीक लावल्या, आणि तिसऱ्या अल्बमपासून त्या सैल करून सूरच खाली उतरवला. पन्नास वर्षं जगभरातली पोरं ज्या जड, घोगऱ्या आवाजाच्या मागे लागली आहेत, त्याचा उगम हा असा अपघात विभागात आहे.

‘पॅरॅनॉईड’मध्ये सूर अजून फारसा उतरलेला नाही, पण हात कळतो. ‘आयर्न मॅन’मध्ये नाजूक नक्षी नाहीच, दोन-दोन तारा एकदम दाबून सरळ ठोका. शीर्षकगीत तर जागा भरायला म्हणून शेवटी घाईघाईत केलेलं, आणि तेच इंग्लंडच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं. नाव बदललं, मुखपृष्ठ बदललं नाही, म्हणून तो ढाल-तलवारवाला माणूस आजही तिथे उगाचच उभा आहे. मूळ चौघं ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचं वाजवून गेले आणि २२ जुलैला गायक ओझी ऑस्बर्न गेला. त्या आठवड्यात आमच्या घरी दुसरं काही वाजलं नाही.

प्र. अल्बम निवडायची तुझी कसोटी काय? विक्री? पुरस्कार?

दोन्ही नाही. मला अल्बममध्ये अडचण ऐकू आली पाहिजे. पैसे कमी, बोटं कमी, खोली विचित्र, वेळ संपत आलेला, आणि त्या मंडळींनी त्यातूनच काढलेली वाट. सगळं मनासारखं मिळालं की बँड महिनोनमहिने स्टुडिओत बसतात आणि गुळगुळीत काहीतरी घेऊन बाहेर येतात. दुसरी अट साधी : पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकता आला पाहिजे.

प्र. लेड झेपलिन ऐकतोस का? तुझ्या यादीत दिसत नाही, असं कुणीतरी सांगितलं.

ते ‘कुणीतरी’ चुकलंय. चौथा अल्बम, १९७१. त्याला नावच नाही, चार चिन्हं आहेत. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं ‘स्टेअरवे टू हेवन’ माझ्याकडून गिटारच्या दुकानांना भेट. त्या अल्बमचं शेवटचं गाणं ऐका, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ते ध्वनिमुद्रित झालं. एकेकाळी तिथे निराधारांना ठेवून कामाला जुंपत. जॉन बॉनमचे ड्रम खालच्या उंच दालनात, जिन्यापाशी मांडले आणि दोन माइक जिन्यात वरच्या मजल्यावर टांगले. एरवी माइक ड्रमच्या अगदी तोंडाशी लावतात. इथे ठोका आधी भिंतींवर जातो, छताला लागतो, मग माइकपर्यंत येतो. म्हणून तो ड्रम एवढा थोरला वाटतो. वाजवणाऱ्याचा जोर तर आहेच, पण निम्मं श्रेय जिन्याला द्यावं लागतं.

मूळ गाणं १९२९ चं, कान्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडप्याचं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे अंबाझरी ओसंडला, रातोरात नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. त्यानंतर बांध फुटण्याचं हे गाणं मी नुसतं ड्रमसाठी ऐकू शकत नाही.

जाता जाता : झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन याच अल्बममधलं ‘फोर स्टिक्स’ पुन्हा वाजवून गेले. ते ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये बाहेर आलं. जरूर शोधा.

प्र. पिंक फ्लॉइडमध्ये ‘डार्क साइड ऑफ द मून’च ना?

नाही. तो अल्बम उत्तमच आहे, त्याला माझ्या मताची गरज नाही. माझा ‘अ‍ॅनिमल्स’, १९७७. तिरसट, लांबलचक, प्रेमगीताचा जेमतेम शिंतोडा. ‘डॉग्ज’ एकटं सतरा मिनिटांचं आहे आणि त्यातलं एक मिनिटही मी कापू देणार नाही.

आणि मुखपृष्ठावर औष्णिक वीज केंद्र! कोराडी-खापरखेड्याची धुराडी बघत मोठ्या झालेल्या माणसाला लंडनच्या बॅटरसी वीज केंद्राची चार धुराडी परकी कशी वाटतील? त्यांच्यामध्ये गॅसने भरलेलं रबरी डुक्कर उडवून फोटो काढायचा बेत होता. डुक्कर सुटलंच तर पाडायला आधी एक नेमबाज ठेवला होता, पण त्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचं राहिलं. ३ डिसेंबर १९७६ ला नेमका दोर तुटला. डुक्कर हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत शिरलं आणि शेवटी केंटमध्ये एका शेतात उतरलं. मुखपृष्ठावर दिसतं ते डुक्कर मागाहून फोटोत चिकटवलेलं आहे.

प्र. पंक म्हणजे नेमकं काय? मेटलवाले नि पंकवाले सगळे सारखेच दिसतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालात उभं राहून बघा. मिरवणुकीत काळी मारबत, पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्या आणि त्यांच्यामागे पोरांनी रात्र-रात्र जागून केलेले बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. कागद, बांबू, चिंध्या, जे हाताला लागेल ते. गळ्यात पाटी : महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षीचा जो कोणी पुढारी सापडेल तो. कुणाची परवानगी नाही, कलाशिक्षकाचा सल्ला नाही, घोषणा चार शब्दांची, आणि संध्याकाळी सगळं जाळून मोकळे. “घेऊन जा गे मारबत!” पंक तेच आहे, फक्त हातात गिटार आहे. वाजवता येतं का हा प्रश्न दुय्यम. बोलायचं आहे का, हा पहिला.

मेटलला कौशल्याचा अभिमान असतो, पंकला त्याचा संशय येतो. बाकी काळे कपडे दोघांचे सारखेच, हे कबूल.

प्र. पंकचा पहिला अल्बम कोणता ऐकू?

‘रमोन्स’, १९७६. बँडचं नाव तेच, अल्बमचं नाव तेच, चौघांचं आडनावही तेच. नात्यात मात्र कुणी कुणाचं नाही. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. त्या काळी मोठे बँड एवढे पैसे स्टुडिओतल्या जेवणावर उडवत असतील.

एक गंमत करून बघा. हेडफोन लावा आणि एक कान काढा. डाव्या बाजूला बेस (खालच्या सुरांची जाड तारांची गिटार) आहे, उजव्या बाजूला गिटार, जवळजवळ पूर्ण वेगळे केलेले. फक्त उजवा कान ऐकलात तर जॉनी रमोनचा हात स्पष्ट सापडतो : गिटारवर प्रत्येक फटका वरून खाली, वर जाताना तारेला स्पर्श नाही. ऐकायला सोपं वाटतं. तीन मिनिटं तसं वाजवून दाखवा, मनगट हातात येईल. गिटार शिकणाऱ्या पोरांना मी हा अल्बम असाच एका कानाने ऐकायला लावतो.

प्र. आणि सेक्स पिस्टल्स?

एकच स्टुडिओ अल्बम काढला, १९७७ मध्ये. एक पुरेसा होता.

प्र. द क्लॅशला पंक म्हणायचं का? त्यात तर रेगे पण आहे.

असल्या वादात संध्याकाळ घालवण्यापेक्षा ‘लंडन कॉलिंग’ लावा. डिसेंबर १९७९ मध्ये आलेला हा डबल अल्बम बँडने हट्टाने एका अल्बमच्या किमतीत विकायला लावला. रॉकाबिली, स्का, रेगे, जॅझ, जे आवडलं ते घेतलं. निर्माता गाय स्टीव्हन्स ध्वनिमुद्रण सुरू असताना खुर्च्या फेकायचा आणि शिड्या आपटायचा. त्याच्या मते त्याने वातावरण तयार होत होतं. झालं म्हणायचं. शेवटचं ‘ट्रेन इन व्हेन’ इतकं उशिरा घातलं की मूळ वेष्टनावर त्याचं नावच नाही. मुखपृष्ठावर पॉल सिमोनन न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बेस आपटतोय. फोटो जरा धूसर आहे म्हणून तो काढणाऱ्या पेनी स्मिथला नको होता. बँडने ऐकलं नाही, हे बरं झालं.

प्र. या सगळ्यात बायका कुठे आहेत? (हे माझ्या वहिनीने विचारलं आणि बरोबर विचारलं.)

वहिनी, ‘जर्मफ्री अडोलसेंट्स’ ऐका. बँड एक्स-रे स्पेक्स, साल १९७८. गाणारी पॉली स्टायरीन, वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, दातांना तारा, आवाज थेट भोंग्यासारखा न म्हणता मी एवढंच म्हणेन की माइकची गरज नव्हती. आणि गिटारच्या बरोबरीने सॅक्सोफोन! प्लास्टिक, जाहिराती, सुपरमार्केट, आरशातला चेहरा हे तिचे विषय. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचे; आज एखाद्या मॉलमध्ये उभं राहून ऐकले तरी शिळे वाटत नाहीत.

प्र. पंक गोऱ्या पोरांचं संगीत आहे ना?

बॅड ब्रेन्स. वॉशिंग्टनचे चार कृष्णवर्णीय वादक, मुळात जॅझ फ्यूजनवाले. त्यामुळे हात तयार होते, आणि मग त्यांनी सगळ्यांपेक्षा वेगात वाजवायचं ठरवलं. मध्येच थांबून रेगे. १९८२ चा त्यांचा पहिला अल्बम फक्त कॅसेटवर निघाला होता. माझ्या काटकसरी कसोटीत तो फार वर आहे.

प्र. मेटलमध्ये सुरुवात कुठून करू? मला फार भयानक काही नको.

मोटरहेडचा ‘एस ऑफ स्पेड्स’ (१९८०) घ्या. त्यांचा गायक लेमी याला तर स्वतःला मेटल म्हणवून घ्यायचंच नव्हतं, आम्ही रॉक अँड रोल वाजवतो म्हणायचा. मुखपृष्ठावरचं ते रखरखीत वाळवंट उत्तर लंडनमधल्या बार्नेटची वाळूची खाण आहे.

मग जुडास प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’, तोही १९८०. आज ज्या आवाजासाठी कॉम्प्युटरवर एक बटण दाबतात, तो तेव्हा घरातून आणावा लागे. ‘मेटल गॉड्स’मध्ये यंत्रमानवांची पावलं ऐकू येतात, ती काट्या-चमच्यांचा ट्रे आपटून केली आहेत. ‘ब्रेकिंग द लॉ’मधली काच म्हणजे फोडलेल्या दुधाच्या बाटल्या. हे कळल्यापासून आमच्याकडे भांडी घासताना कुणी ट्रे आपटला की मी ताल धरतो, आणि बोलणी खातो.

आणि मग आयर्न मेडनचा ‘पॉवरस्लेव्ह’, १९८४. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना कोलरिजची खलाशाची कविता आठवत असेल. आठवत नसेल तर इथे तेरा मिनिटांत पाठ होते. मध्ये वाद्यं जवळजवळ गप्प होतात, पुढे येते ती जहाजाच्या लाकडाची करकर आणि कवितेच्या ओळी. माझ्या पिढीत ही कविता वर्गापेक्षा मेडनकडून जास्त जणांना कळली.

प्र. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ की ‘रेन इन ब्लड’? एकच निवड.

१९८६ ने आमची पंचाईत करून ठेवली आहे. मार्चमध्ये मेटॅलिका, ऑक्टोबरमध्ये स्लेयर.

‘मास्टर ऑफ पपेट्स’ कोपनहेगनमध्ये ध्वनिमुद्रित झाला. आठ गाणी, जवळजवळ पंचावन्न मिनिटं, आणि एकही गाणं आपल्या लांबीची माफी मागत नाही. ‘ओरायन’मध्ये शब्दच नाहीत, आणि मधल्या भागात क्लिफ बर्टनचा बेस पुढे येतो तिथे मी गाडी चालवत असेन तर वेग कमी करतो. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये बँडची बस उलटून बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. पुढच्या अल्बममध्ये नव्या बेसवाल्याचा आवाज जवळपास ऐकूच येत नाही; ते जाणूनबुजून की नकळत, यावर लोक अजून भांडतात.

‘रेन इन ब्लड’ दहा गाणी, एकोणतीस मिनिटं. इतका छोटा की अख्खा अल्बम कॅसेटच्या एका बाजूला मावला आणि दुसऱ्या बाजूलाही तोच पुन्हा. निर्माता रिक रुबिन हिप-हॉपमधून आलेला. त्याने मेटलचा तो गुहेतल्यासारखा घुमणारा आवाज काढून टाकला आणि सगळं कोरडं, कानाशी आणून ठेवलं. एवढ्या वेगातही डेव्ह लोम्बार्डोचा प्रत्येक ठोका मोजता येतो, ते त्या कोरडेपणामुळे.

निवड : माझ्या कसोटीप्रमाणे स्लेयर. मन मेटॅलिकाकडे. घ्या, दिलं उत्तर.

प्र. का बे, शब्द कळत नाहीत, नुसते बोंबलून राहिले. हे गाणं आहे का?

राजेहो, बंदिशीतले शब्द तरी तुम्हाला किती कळतात? जड मेटलमधला तो गुरगुरणारा आवाज म्हणजे घसा फाडणं नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जे पडदे असतात, ते कंप पावतात. त्याचा रियाज असतो आणि चुकीचा केला तर आवाज बसतो. डेथ या बँडचा ‘सिम्बॉलिक’ (१९९५) ऐका, शब्द समोर ठेवून. चक शुल्डिनरने निरागसपणा हरवण्याबद्दल लिहिलंय. बँडचं नाव ऐकून घाबरलेल्यांना ते खरं वाटत नाही.

प्र. हे सैतानाचं संगीत आहे म्हणतात. मुलगा ऐकतो, काळजी वाटते.

काकू, ब्लॅक सॅबथच्या गळ्यातले क्रॉस ओझीच्या वडिलांनी बनवून दिले होते, पोरांचं रक्षण व्हावं म्हणून. अमेरिकेत १९८५ मध्ये यावर थेट सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि अल्बमवर पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी आली. ती चिठ्ठी बघून पोरांनी ते अल्बम आणखी आवडीने घेतले. मुलगा काय ऐकतो यापेक्षा किती मोठ्याने ऐकतो याची काळजी करा. हेडफोनने कान जातात, ते परत येत नाहीत.

प्र. नव्वदीतलं काहीच नाही?

निर्वाणाचा ‘इन युटेरो’, १९९३. ‘नेव्हरमाइंड’ने जग जिंकल्यावर त्यांनी मुद्दाम ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीला बोलावलं. त्याने मिनेसोटातल्या स्टुडिओत दोन आठवड्यांत काम उरकलं, ठरलेली मजुरी घेतली आणि विक्रीतला वाटा नाकारला. प्लंबरसारखे पैसे द्या, म्हणाला. त्यातल्या ड्रमला खोली आहे. झेपलिनचा जिना आठवला तर बरोबर आठवला.

आणि सेपुल्तुराचा ‘रूट्स’, १९९६. ब्राझीलचा बँड, तिथल्या शावांते आदिवासींच्या गावात जाऊन त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलेलं. आपल्याकडच्या बँडांनी हा अल्बम ऐकून गोंडी ढोलाकडे बघायला हवं होतं, असं माझं जुनं रडगाणं आहे.

प्र. आपलं, भारतीय काही?

इंडियन ओशनचा ‘कांदिसा’, २०००. मेटल नाही, पंक तर नाहीच. माझी यादी आहे, मी घेतला. ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं. बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा आंदोलनात काम केलेला माणूस, त्यामुळे ते गाणं पर्यटकाचं वाटत नाही. जड काही हवं तर दिल्लीच्या ब्लडीवुडचा ‘रक्षक’ (२०२२) : ढोल, बासरी आणि हिंदी-पंजाबी शब्दांत खरा संताप.

प्र. नागपुरात हे प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळतं?

कॉलेजांच्या फेस्टमध्ये, नशीब असेल तर. एरवी गाडी पकडायची. मेडन २००७ मध्ये आणि मेटॅलिका ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले, तेव्हा संघमित्रा एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये काळे टी-शर्ट कमी नव्हते. बल्लारशाच्या पुढे डब्यातल्या आजोबांनी विचारलंच, “पोरांनो, कुणाची मयत आहे का?”

प्र. स्ट्रीमिंगवर एकाच अल्बमच्या चार-चार आवृत्त्या दिसतात. कोणती ऐकू?

शक्यतो जुनी. नंतरच्या पुष्कळ रीमास्टरमध्ये, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण नव्याने घासूनपुसून काढलेल्या आवृत्त्यांमध्ये, हळू आवाजातला भाग ओढून मोठ्या आवाजाइतकाच मोठा केलेला असतो; पाच मिनिटं झकास वाटतं, अर्ध्या तासात कान थकतात. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) तर इतका ठासून भरला होता की लोक व्हिडिओ गेममधून काढलेली त्याची मोकळी आवृत्ती शोधत फिरले. आणि नागपूरपुरता एक नियम : मे महिन्यात कूलरसमोर स्लेयर लावू नका. झांजांचा आवाज आणि कूलरची सरसर एकच होऊन जाते. त्या दोन महिन्यांत सॅबथ, रात्री, हेडफोनवर.

प्र. मुलगी दहावी झाली की गिटार मागते आहे. इलेक्ट्रिक घ्यावी का?

घ्या. आधी अकूस्टिक शिकलीच पाहिजे असं काही नाही. उलट इलेक्ट्रिकच्या तारा मऊ, कोवळ्या बोटांना बऱ्या. नऊ गेजचा बारीक सेट लावून घ्या, आयोमीनेही बारीकच लावल्या होत्या. अ‍ॅम्प छोटा, हेडफोन लावता येणारा घ्या म्हणजे शेजारी वर येणार नाहीत. उन्हाळ्यात गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. इथली कोरडी हवा आणि कूलरची ओल यांच्या ओढाताणीत लाकडाची मान वाकते, मग तारा उंच होतात आणि पोरीला वाटतं तिलाच जमत नाही. पहिलं गाणं रमोन्सचं. तीन कॉर्ड, सगळे फटके वरून खाली.